अंगावरचा चेंडू

गोलंदाजी करताना सुश्रुत टिपणीसचा हात कोपरात वाकतो, हे एका पंचाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. साउथहॅम्प्टनच्या ज्युनिअर क्रिकेटमध्ये त्याच्याइतका वेग कुणाकडे नव्हता. पण गोलंदाजी फेकी ठरली की वेगाला कोण विचारतो? वर्षभर कोच हात सरळ करायच्या मागे लागले. हात सरळ झाला, पण वेग गेला. तेव्हा शाळेतल्या एका कॅनेडियन शिक्षकाने त्याच्या हातात बेसबॉल दिला आणि म्हणाला, "इथे पाहिजे तेवढा वाकव."

तीन वर्षांत एका अमेरिकन क्लबने त्याला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून करारावर घेतलं. अगदी तळातला संघ, पण पगार खेळायचा. त्याचे वडील मुरलीधर हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर. ते म्हणाले, "आपल्या घरात खेळून कुणी पोट भरलेलं नाही."

"मग हा भरेल," त्याची आई सुनेत्रा म्हणाली. "अहो, जाऊ द्या त्याला."

तो गेला. बसमधून गावोगाव हिंडला, मोटेलमध्ये झोपला, एक पायरी वर चढला. क्रिकेटमध्ये टप्पा पडताना चेंडूचा थोडा तरी राग निघून जातो. इथे तो थेट येतो. बॅटर फार पुढे झुकून उभा राहायला लागला की पिचरने त्याच्या अंगाजवळून चेंडू टाकायचा, त्याला मागे सरकवायचं. सुश्रुत त्यातच तरबेज होता. २००५च्या उन्हाळ्यात असाच एक चेंडू त्याच्या बोटांतून निसटला आणि वेस्ली ग्रीन नावाच्या बॅटरच्या डाव्या डोळ्याखाली बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. वेस्लीला स्ट्रेचरवरून नेलं.

पुढच्या मॅचपासून सुश्रुतचा प्रत्येक चेंडू बॅटरपासून लांब जायला लागला. तो अंगाजवळ टाकायचं ठरवायचा, पण शेवटच्या क्षणी मनगट आपोआप बाहेर वळायचं. डॉक्टरांना हातात काही सापडलं नाही. सीझन संपल्यावर क्लबने त्याला मोकळं केलं.

तो घरी परतला आणि गावातल्या लेजर सेंटरमध्ये, म्हणजे खेळ-व्यायामाच्या केंद्रात, कामाला लागला. मुरलीधर अधूनमधून विचारत, "हात दुखतो का रे?"

"नाही बाबा. माझी हात ठीक आहे."

"माझा," सुनेत्रा सुधारायची आणि विषय तिथेच संपायचा.

दीड वर्षाने, मे महिन्यात, एका सकाळी घरचा फोन वाजला. पलीकडे वेस्ली होता. तो आता एका क्रूझच्या जहाजावर प्रवाशांकडून व्यायाम करून घ्यायचा, आणि जहाज त्या दिवसापुरतं साउथहॅम्प्टनच्या धक्क्याला लागलं होतं. सुश्रुत याच गावचा, हे त्याच्या लक्षात होतं.

"तुझ्याकडे बॅट आहे का?" त्याने विचारलं.

सुश्रुत हो म्हणाला आणि फोन ठेवून जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. फोन कुणाचा ते कळल्यावर मुरलीधरांनी गाडीची किल्ली घेतली. "चल, मी येतो."

वाटेत ते म्हणाले, "माझा एक पेशंट ऑपरेशननंतर शुद्धीवर आलाच नाही. चूक कुणाची नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पुढच्या पेशंटच्या हाताला सुई लावताना माझे हात कापत होते. मी सीनिअरला म्हटलं, तुम्ही काही करू नका, फक्त इथे उभे राहा." सुश्रुतने हे पूर्वी कधीच ऐकलं नव्हतं.

धक्क्यावर वेस्ली भेटला. गालाचं हाड किंचित बसलेलं होतं. मुरलीधरांनी सवयीने विचारलं, "नीट दिसतं का?"

"सरळ बघितलं तर. वर बघितलं की दोन दोन दिसतात."

"आय अॅम सॉरी," सुश्रुत म्हणाला.

"माहीत आहे. तू हॉस्पिटलमध्येही आला होतास, नर्सने सांगितलं. मी त्यासाठी नाही आलो. मला परत एकदा तुझ्या चेंडूसमोर उभं राहून बघायचंय, आणि दुसऱ्या कुणाला हे सांगता येत नाही."

लेजर सेंटरच्या मागच्या नेटमध्ये वेस्ली हेल्मेट घालून उभा राहिला. सुश्रुतचा पहिला चेंडू दूर बाहेर गेला. दुसराही. तिसऱ्या वेळी त्याचं लक्ष चेंडूऐवजी वेस्लीच्या पायांकडे गेलं. चेंडू हातातून सुटायच्या आधीच ते मागे पळत होते.

"तू पळतोयस," तो म्हणाला.

"आणि तू मला पळायची गरजच पडू देत नाहीयेस."

दोघांनाही थोडं हसू आलं. सुश्रुतने वेग निम्मा केला. मुरलीधर येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. तो टाकत राहिला. चेंडू हळूहळू आत यायला लागला, वेस्लीचे पाय हळूहळू जमिनीला चिकटायला लागले. मग सुश्रुतने पुरा वेग लावला. चेंडू वेस्लीच्या छातीसमोरून वीतभर अंतराने गेला आणि मागच्या जाळीवर आदळला. वेस्ली हलला नाही. त्याने बॅट खाली टेकवली. मग म्हणाला, "बस. पुरे."

घरी सुनेत्राने दोघांना थालीपीठ वाढलं. वेस्लीने ते लोण्याबरोबर मन लावून खाल्लं, आणि जहाज सुटायच्या आत बापलेकांनी त्याला धक्क्यावर पोचवलं.

दोन दोन चेंडू दिसणाऱ्या माणसाला व्यावसायिक बेसबॉल परत घेत नाही. वेस्लीने जहाजावरची नोकरी सोडली आणि तो ओहायोतल्या एका शाळेत बॅटिंग शिकवायला लागला. सुश्रुतला पुढच्या वर्षी हॉलंडमधल्या एका छोट्या क्लबने घेतलं. तिथे तो तीन सीझन खेळला, ना फार चांगला, ना वाईट. बॅटरच्या अंगाजवळून चेंडू टाकायची वेळ आली की तो टाकायचा. पण चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात पोचेपर्यंत दर वेळी त्याचा श्वास अडकायचा. तसा तो अडकू नये, असं मात्र त्याला कधी वाटलं नाही.