चोविसावी टाचणी

"तेवीस," मावशी पुटपुटली आणि तिने टाचण्यांची गादी पुन्हा मांडीवर घेतली.

बोटाच्या टोकाने एकेक टाचणी चाचपत तिने परत मोजल्या. तेवीसच. सकाळी चोवीस होत्या.

"गाडी वीस मिनिटांत येतेय," ताईने दारातून सांगितलं. ताई म्हणजे मावशीची थोरली बहीण, नवरीची आई. "आणि तू काय ती गादी घेऊन बसलीस? जपमाळ आहे का ती?"

"आलेच," मावशी म्हणाली. पण जागची हलली नाही.

पलीकडच्या खोलीत भिंगरी लग्नाचा पोशाख घालून तयार होती. लहानपणी एका जागी ठरत नसे, म्हणून मावशीनेच भाचीला हे नाव ठेवलं होतं. गेल्या महिन्याभरात ती बारीक झाली होती आणि पोशाख कमरेत बोटभर ढिला पडला होता. मावशीने सकाळी चोवीस टाचण्या लावून कंबर आत घेतली, शिवली, टाचण्या काढल्या. काढता काढता मोजायची तिची सवय होती. आज मध्येच ताईची हाक आली आणि मोजणं राहून गेलं. म्हणजे एक टाचणी कमरेतच होती, कापड आणि अस्तर यांच्या मध्ये. उभं राहिलं तर कळणार नाही. खाली बसलं की टोक पोटात.

मावशीच्या शेजारी तिचा पत्र्याचा डबा उघडा होता. पांढऱ्या कापडावर डाग पडलाच तर लपवायला खडू, चेन अडकली तर तिच्यावर घासायला मेणबत्तीचा तुकडा, पोशाखाला लावायचे जादा आकडे, पांढरा दोरा, जमिनीवरच्या टाचण्या उचलायला लोहचुंबक. लग्नाच्या दिवशी कपड्याचं जे जे बिघडू शकतं, त्या सगळ्यावर डब्यात उपाय होता. स्वतःच्या हातून असं होईल, हे मात्र तिने धरलं नव्हतं.

तिने लोहचुंबक जमिनीवर फिरवलं. एक आकडा आणि केसांचा चाप लागला. टाचणी नाही.

सांगावं तर ताई विचारणार, तुला दिसली कशी नाही? डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वी जे सांगितलं होतं, ते मावशीने कुणालाच कळू दिलं नव्हतं. ताई तेव्हाच म्हणत होती, पोशाख दुकानातून शिवून घेऊ. भिंगरी अडून बसली होती, "मावशी शिवेल, नाहीतर मी आहे त्या कपड्यांत उभी राहीन." कळलं असतं तर हे काम हातचं गेलं असतं. आणि यानंतर कुणी काम दिलं नसतं.

दर सुट्टीत मावशी गल्लीतल्या मुलांना शिवण शिकवी. पहिल्या दिवशी सुईला हात लावू देत नसे; आधी नियम. टाचण्या मोजून घ्यायच्या, मोजून द्यायच्या. हरवली तर आधी सांगायचं, मग शोधायचं. सात वर्षांच्या भिंगरीने एकदा टाचणी हरवली, दुपारभर लपवली आणि शेवटी थरथरत येऊन सांगितलं. मावशी रागावली नव्हती. तिने डब्यातून बिस्कीट काढून दिलं होतं. "हे हरवल्याबद्दल नाही हं. सांगितल्याबद्दल."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मावशी डबा आणि गादी घेऊन उठली, दाराच्या चौकटीला खांदा आपटला, तरी थांबली नाही.

"भिंगरे, बसू नकोस."

खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकलेली भिंगरी तशीच थांबली. "का गं? पायांचे तुकडे पडायला आलेत."

"माझी एक टाचणी हरवलीय. तुझ्या कमरेत असावी."

"असावी म्हणजे?" मागोमाग आलेली ताई म्हणाली. "काढताना तुला दिसली नाही?"

"नाही दिसली." मावशीने एकदाच श्वास घेतला. "ताई, मला दिसत नाही. डावा डोळा गेलाय. उजवाही चाललाय."

खाली गाडीचा भोंगा वाजला. ताई खिडकीशी जाऊन हात हलवून "थांबा" म्हणाली.

मावशीने कमरेभोवती लोहचुंबक फिरवलं. ते आकड्यांच्या ओळीलाच चिकटत राहिलं. त्याला आकडा काय नि टाचणी काय, सगळं लोखंडच. तिने ते ठेवून दिलं आणि डोळे मिटले.

"श्वास सोड. आता घेऊ नकोस."

बोटं शिवणीवरून सरकू लागली. एक फेरी. दुसरी. तिसऱ्या फेरीत, डाव्या बाजूला, चुणीच्या खाली, दोऱ्याहून किंचित कडक असं काहीतरी लागलं. टोक आतल्या बाजूला होतं.

"सापडली. हलू नकोस."

तिने चार टाके उसवले आणि टाचणी ओढून काढून गादीत खोचली. मग सुई घेतली. दोरा एकदा नेढ्याशेजारून गेला. दुसऱ्यांदाही.

"आण इकडे," भिंगरी म्हणाली. तिने सुई ओवून दिली. "अशी ओवून द्यायचे ना मी तुला?"

"तू दोरा थुंकीने भिजवायचीस. घाण मुलगी."

भिंगरी हसली तेव्हा मावशी ओरडली, "हसू नकोस, टाका हलतो." चार टाके घालून झाले. ताईने गादी उचलून स्वतः मोजली, मोठ्याने, चोवीसपर्यंत. मग खाली बघत म्हणाली, "सांगायचंस तरी. मी काय तुला खाल्लं असतं?"

निघताना भिंगरीने टेबलावरच्या पुड्यातलं एक बिस्कीट काढून मावशीच्या हातात दिलं आणि तिची मूठ मिटली.

सभागृहात मावशी शेवटच्या रांगेत बसली. पुढे नुसता पांढरा धूसर ठिपका हलत होता.

"बसली का गं?" तिने शेजारी आलेल्या ताईला विचारलं.

"बसली."

"नीट?"

"नीट बसलीय. हसतेय."

मावशीने मूठ उघडली. बिस्किटाचा भुगा झाला होता. तिने तो बोटाने चाचपून, कण न् कण गोळा करून, सावकाश खाल्ला.