'हो' कुणी म्हटलं?

मी वेदीपुढचा बाक बोलतोय. लग्नाच्या दिवशी नवरानवरी जोडीने गुडघे टेकतात ना, तो. माणसं चेहरे लक्षात ठेवतात, मी गुडघे. कुणाचे आनंदाने थरथरतात, कुणी नवे बूट चावतात म्हणून चुळबुळतं.

एकदा एक उंच घड्याळजी माझ्यावर टेकला. शेजारी, माझ्या डाव्या बाजूला, एक मुलगी हसू दाबत होती. घरात तिला मोठी म्हणत. तिचं 'हो' इतकं खणखणीत आलं, की मागे डुलक्या घेणारे म्हातारेही दचकून सरळ बसले.

चार वर्षांनी तिची शवपेटी माझ्या बाजूला ठेवली होती.

वर्षभराने घड्याळजी पुन्हा आला, लग्नाच्या आदल्या दिवशीच्या तालमीला. शेजारी मोठीची धाकटी बहीण. अंगात मोठीचाच पांढरा झगा, तिचंच अत्तर. भांगही आईने तिच्यासारखाच पाडलेला.

"अशीच बस," आई म्हणाली. "पाठमोरी तर तीच वाटतेस गं."

"मोठे," घड्याळजी पुटपुटला. धाकटीने नुसती मान खाली घातली.

फादरांनी दोघांना समजावलं, "लग्नात माणूस स्वतःला देतो, तनामनाने, कायमचं. आपल्या जागी दुसऱ्या कुणाला देता येत नाही. मरण आलं की ते वचन पुरं होतं. मागे राहिलेल्याला पुन्हा लग्न करता येतं, पण नव्या माणसाशी."

घड्याळजी धाकटीच्या झग्याकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चर्च भरलं. धाकटीच्या तोंडावर जाळी होती.

"कुणाच्या दडपणाशिवाय, मनापासून आली आहेस?" फादरांनी विचारलं.

"हो."

खणखणीत. मी ते 'हो' ओळखलं. मोठीचं होतं.

माणूस बोललं की छातीतली हालचाल गुडघ्यांतून माझ्यापर्यंत येते. धाकटीकडून काहीच आलं नव्हतं. आई बोलली असेल, मायलेकींचे आवाज सारखेच असतात, असं लोक नंतर म्हणाले. पण आई तर तोंडावर हात दाबून बसली होती.

फादरांनी हळूच जाळी वर केली. "बाळ, तुझे ओठ हलले नाहीत. तू सांग."

धाकटी म्हणाली, "फादर, घरात मला आता कुणी धाकटी म्हणत नाही. मला तिच्या जागी बसायचं नाही."

"मग हे लग्न होणार नाही," फादर म्हणाले.

"माझी पोर पुन्हा जाईल हो!" आई ओरडली.

घड्याळजी उठला. "धाकटे, चुकलं माझं. मी तुझ्याकडे तिलाच मागत होतो." आणि तो बाजूच्या दाराने एकटाच निघून गेला.

धाकटी आईपुढे जाऊन बसली. "आई, मी आहे ना. माझ्याकडे बघ." आईने अनोळखी माणसाकडे बघावं तसं कितीतरी वेळ बघितलं. मग तिला उराशी धरून रडली.

धाकटी पुढे दूरच्या शाळेत शिकवायला गेली. तिथे तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणे.

मी आता अडगळीच्या खोलीत आहे. गादी उंदरांनी कुरतडली. तरी अधूनमधून माझी डावी बाजू दबते. वजन नसतं, नुसता गारठा. कोण, म्हणून मी विचारत नाही.

तुम्ही मात्र कुणाशेजारी गुडघे टेकणार असाल, तर एक कराल? तो तुम्हाला कुठल्या नावाने हाक मारतो, ते आधी नीट ऐका.