पास झालेलं घर

गल्लीतले सगळे तिला फॉर्मबाई म्हणत. घरं उबदार करून देणाऱ्या सरकारी योजनेचे अर्ज भरून देणं हे तिचं काम. योजना चांगली होती हो, पण तिच्यापर्यंत पोचायचं म्हणजे सतरा कागद आणि अठरा सह्या. लोक कंटाळून नाद सोडत, ही मात्र पिच्छा सोडत नसे.

म्हाताऱ्या शिंपीमास्तरांच्या मागे तर ती चार महिने हात धुऊन लागली होती. खिडक्यांच्या चौकटी वाकलेल्या, हीटर मरायला टेकलेला आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, दमा. दोन हिवाळे काकूंनी कसेबसे काढले. तिसरा निघेल की नाही, डॉक्टरही सांगेनात. अखेर मोजणीची तारीख मिळाली. तपासनीस दाराला मोठा पंखा लावून घरातून किती वारा गळतो ते मोजणार होता. दोन दिवस आधी निघताना फॉर्मबाई सवयीनं म्हणाली, "साहेब येतील, घर जरा आवरून ठेवा हं."

मेली जीभ!

आज पत्र आलं. तिनं मास्तरांच्या उंबऱ्यातच उघडलं. गळती मर्यादेपेक्षा कमी, मदतीची गरज नाही, पुढची मोजणी तीन वर्षांनी.

"असं कसं होईल? इथे उभं राहून माझे कान गार पडलेत!"

"म्हणजे पास झालो!" मास्तर खुलले. "पाहुण्यापुढे भोकं कशी दाखवायची? दोन दिवस बसून पट्ट्या शिवल्या, हिच्या रजईतला कापूस भरला आणि फटीफटीत बसवल्या. चौकटीच्याच रंगाचं कापड! साहेबाला टाका दिसला नाही."

"कुठायत त्या पट्ट्या?"

"टाचण्यांवर तोललेल्या होत्या, संध्याकाळी गळायला लागल्या. कापूस परत रजईत भरला. नाहीतर ही पांघरणार काय?"

फॉर्मबाईनं तिथूनच कचेरीत फोन लावला. कारकून म्हणाला, "घर मुद्दाम बदललं म्हणता? लेखी द्या. मग नावच काढून टाकतो."

तिनं फोन ठेवला आणि मास्तरांना समजावून सांगितलं, की या परीक्षेत नापास होणाऱ्यालाच मदत मिळते. मास्तर खुर्चीत बसले. कितीतरी वेळ ते आपल्या बोटांकडेच बघत होते.

"चूक माझी आहे, मास्तर," ती म्हणाली. तिला रडू आवरेना.

"पुढच्या वेळी यांना काही करू देऊ नकोस गं," पलंगावरून काकू म्हणाल्या. "काही न करणं यांना जन्मात जमलं नाही!" त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांना धाप लागली. मास्तर पाठ चोळायला धावले.

तिच्या बसला अजून वेळ होता. फॉर्मबाई उठली आणि पलंगाशेजारच्या खिडकीला पाठ लावून उभी राहिली, तेवढीच एक फट झाकत.

"बस की गं," काकू म्हणाल्या.

"नको काकू. बरी आहे मी इथेच."