उलटी गिटार

धाकट्या भावाच्या प्रसिद्ध गिटारीचा इतिहास विचारायला मासिकवाली घरी आली, तेव्हा माहेरी आलेली ताई चहा गाळत होती. गिटार पोकळ नव्हती. सुतार बापाने एकाच भरीव फळीतून ती कोरली होती. धाकटा ती उलटी धरून वाजवायचा आणि जगाला त्याचंच कोण कौतुक!

"उलटी का हो?" मासिकवालीने विचारलं.

"बाबांची चूक," धाकटा म्हणाला. "घाईत फळी उलटी कापली."

जन्मात एक खिळा वाकडा न ठोकलेल्या बापाने मान डोलावली. ताई बारा वर्षांची असताना याच बापाने तिच्या हाताचं माप घेऊन ती फळी कापली होती. पुढे तिचं लग्न ठरलं, तेव्हा "सासरी हे वाजवून काय दिवे लावणार आहेस?" म्हणत त्यानेच गिटार धाकट्याच्या गळ्यात घातली.

ताईने चहा पुढे केला.

"तुम्हीपण वाजवता का, ताई?"

"ही?" धाकटा खो खो हसला. "हिला साधी कात्री धरता येत नाही. डावखुरी आहे ती!"

मासिकवाली हसली. सगळ्यांत मोठ्याने हसला तो बाप.