मंडईचं आवतन

अड्याळच्या एका कृषी केंद्राच्या माडीवर इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरत असे. त्यातले सगळ्यात वयस्क विद्यार्थी भय्याजी. गृहपाठ न चुकता करणारेही तेच, कारण बाकीच्यांना घरी माणसं होती. बायको सत्यभामाबाई गेल्यापासून भय्याजींच्या घरात तोंडानं आवाज करणारा एकच जिन्नस उरला होता : कुकर.

मुलगा अमर बंगळुरूला. त्यानं तिकडचीच श्रीविद्या नावाची मुलगी केली होती. तिला मराठी येत नव्हतं, भय्याजींना कन्नड. दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला या म्हटलं की अमर म्हणे, "पाहतो, बाबा." पाहण्याचा निकाल बायकोकडे असतो, हे भय्याजी स्वतःच्या संसारावरून जाणून होते. आणि मंडईला ज्याच्या घरी पाहुणा नाही, त्याला गाव तब्येत विचारतं. गेल्या साली शेजारच्या तुलारामनं विचारली होती. म्हणून यंदा सुनेलाच थेट इंग्रजीत आवतन द्यायचं ठरलं.

त्याच सुमारास उर्वशी मॅडमनं वर्गात 'ऑल्दो' शिकवला.

"काका, 'जरी'ले ऑल्दो. पन मंग पुढं 'बट' लावाचा नाही."

"मंग 'तरी' कोठून येते?"

"थो समजून घ्याचा रायते."

"समजून घेनारा पायजे ना, बाई," भय्याजी म्हणाले. वर्ग हसला. भय्याजींनी विनोद केला नव्हता.

आता, आपल्याकडे आवतनाची एक रीत आहे. आधी आपल्या घराची यथेच्छ निंदा करायची. झोपडं आहे, भाजीभाकर आहे, तुमाले कायचं जमते. मग पाहुण्यानं मध्येच "काहीतरीच का बोलता!" म्हणून अडवायचं आणि यायचं कबूल करायचं. जेवढी निंदा मोठी, तेवढा पाहुण्याचा मान मोठा. सुनेचा मान तर फारच मोठा होता.

बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर उभं राहून भय्याजींनी फोन लावला. ऑल्दो घर जुनं आहे. ऑल्दो डास आहेत. ऑल्दो संडास खाली बसायचा आहे. ऑल्दो रस्ता खराब आहे. एवढं बोलून ते रीतीप्रमाणे थांबले.

श्रीविद्या मोठी समंजस मुलगी. तिला फार वाईट वाटलं. "सो सॉरी, पप्पा," ती म्हणाली, आणि एवढ्या अडचणीत आम्ही येऊन तुमचा त्रास वाढवणार नाही, असं तिनं गोड इंग्रजीत सांगितलं. घोकून ठेवलेलं 'प्लीज कम' भय्याजींच्या जिभेवरच राहिलं.

त्यांनी तिला दोष दिला नाही. ते एकेक ऑल्दो निपटायला लागले. खिडक्यांना जाळ्या बसल्या. भिंतींना चुना लागला. दारापुढच्या खड्ड्यात मुरूम पडला. शेवटी भंडाऱ्याहून संडासाची खुर्ची आली.

"हे कायले आनली बा?" तुलाराम कुंपणावरून म्हणाला. "गुडघे गेले का?"

"सूनबाईसाठी."

"येऊन राहिली का? पक्कं?"

"ऑल्दो," भय्याजी म्हणाले. तुलारामला इंग्रजी येत नसल्यामुळे त्याचं समाधान झालं.

पण आता भलतीच पंचाईत झाली. निंदा करायला घरात काही उरलंच नाही. 'घर चांगलं आहे, या' असं सांगणं म्हणजे निव्वळ फुशारकी. सत्यभामाबाई असती तर तोंडावर पदर घेऊन आत निघून गेली असती. आज करू, उद्या करू म्हणता फोन राहिला आणि मंडई उजाडली.

गल्लीत दारोदारी पाहुण्यांच्या चपलांचे ढीग पडले. चौकातून दंडारीच्या नाचगाण्याची ढोलकी ऐकू येत होती. भय्याजी नव्या खुर्चीचं झाकण लावून तिच्यावर बसले. घरातली सगळ्यात चांगली खुर्ची तीच होती. त्यांनी फोन लावला.

"कम," ते म्हणाले. पुढंमागं काही नाही.

"टुडे, पप्पा?"

"टुडे मंडई. कम."

आज येणं शक्य नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग तिनं तेच विचारलं, जे गेल्या साली तुलारामनं विचारलं होतं : "आर यू ऑलराइट, पप्पा?"

"ऑल्दो आय ॲम ऑलराइट," भय्याजी म्हणाले, आणि पुढचं त्यांना येईना. कोणत्याच भाषेत येईना.

या खेपेला तिकडून 'सॉरी' आलं नाही. फोनही कटला नाही.

"यस, पप्पा?" ती म्हणाली, आणि वाट पाहत थांबली.