तिसऱ्या खान्यातला डीएनए

मंजुळाने बनवलेले संयुग तांब्याचा अणू धरून ठेवी आणि त्याच्या जोरावर डीएनए तोडी. कर्करोगाची पेशी अशी मारता येईल का, हा पुढचा प्रश्न होता. १९९१ साली डोंबिवलीतल्या आमच्या कॉलेजात एवढे विचारणेही धाडसाचे होते. मी तिचा मार्गदर्शक होतो, पण नावापुरताच. मला वाचलेले आठवते, स्वतःचे काही सुचत नाही.

जेलच्या पातळ थरातून वीज सोडली की घट्ट पिळलेला अखंड, वर्तुळाकार डीएनए पुढे धावतो, तुटून सैल झालेला मागे राहतो. जेलच्या तिसऱ्या खान्यात तिने तांबे घातलेच नव्हते, म्हणजे तिथला डीएनए अखंड राहायला हवा होता. तीनदा प्रयोग केला, तिन्ही वेळा तो तुटला.

विभागाच्या सभेत प्रमुख कुंडलिकसरांनी जेलचा फोटो वर धरला. "हात स्वच्छ नसणार. कोपर गावातल्या चाळीच्या सवयी, दुसरं काय!"

"तुमच्यासमोर हात धुते, सर," मंजुळा म्हणाली. "मग तुम्हीच तपासा."

"कशाला? हा खाना कापून टाक आणि प्रबंध दे. शुक्रवारी मुदत संपतेय."

"कात्री तुम्ही लावा. मग खाली सहीही तुमचीच."

कोणीतरी हसू दाबायला खोकले. मी मान खाली घातली, कारण खरे कारण मला सकाळीच कळले होते. पाणीटंचाईमुळे आमचे ऊर्ध्वपातनाचे यंत्र बंद होते. ठाण्याहून मी तिच्या प्रयोगासाठी ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड, पाणी आणले, पण कॅन गळू लागला म्हणून ते घरच्या तांब्याच्या कळशीत ओतले, तेही ती चिंचेने घासून लख्ख करून. तांब्यातले पाणी शुद्ध, हे लहानपणापासून डोक्यात बसलेले. तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवूनही ते गेले नव्हते. त्या संयुगाला तांब्याचा लवलेशही पुरतो.

मी उभा राहिलो. सभेत मी कधी उभा राहत नाही.

"तांबं माझ्या पाण्यातून गेलं. कळशीत ठेवलं होतं."

कुंडलिकसर मोठ्याने हसले. "चांगदेवराव, प्रयोग होता की सत्यनारायण? लेखी द्याल?"

"देतो. फलकावरही लावतो. तुम्ही मंजुळाच्या मुदतवाढीच्या अर्जावर सही करा. आणि तिच्या हातांबद्दल बोललात ते मागे घ्या."

"नाही घेतलं तर?"

"तर माझी कळशी आणि तुमची कात्री, दोन्ही एकाच कागदावर लिहून विद्यापीठात नेतो."



कुंडलिकसरांनी अर्ज ओढला, सही केली आणि पेनाचे टोपण लावले.

मंजुळा जागची उठली नाही. "हातांबद्दलचे शब्द मागे घ्यायचे राहिले, सर."

"चुकलं," ते टेबलाकडे बघत पुटपुटले.

"मोठ्यानं, सर," ती म्हणाली. "मागच्या बाकापर्यंत पोचलं नाही."