सढळ हाताचा विभाग

दिवाकर सुभेदार रेल्वेच्या ऑफिसात मोठे बाबू होते. मुलीच्या अ‍ॅडमिशनबद्दल बोलायला ते तिला घेऊन ओळखीच्या विनीताकडे आले, तेव्हा हातात एक छापील तक्ता होता. गेल्या तीन वर्षांत कुठल्या विषयात किती मुलांना दहापैकी नऊच्या वर ग्रेड मिळाली, ते त्यात होतं. विनीता कॉलेजात बॉटनी शिकवायची, आणि बॉटनी त्या तक्त्यात सगळ्यात वर होती.

"ताई, तुमच्याकडे मार्क सढळ हातानं देतात म्हणून ऐकून राहिलो," दिवाकरराव म्हणाले. जणू हॉटेलात भाजीची वाटी मोठी मिळते म्हणून कौतुक करत होते.

विनीताला त्यांची कीव आली नाही, किळस आली. पण तिनं मुलीकडे बघितलं. बाप असाच असतो. मुलीच्या मनात वेगळं काही असेल.

"सलोनी, तुला स्वतःला काय आवडतं गं?"

"मावशी, आवडायचं काय त्यात?" सलोनीनं मोबाइलवरून नजर काढली. "मला एमबीए करायचंय. तिथे ग्रॅज्युएशनचे मार्क बघतात, विषय नाही बघत. फिजिक्स घेतलं तर सात के आसपास. बॉटनीत नऊ. मग मी फिजिक्स काहून घेऊ?"

बारावीला तिला फिजिक्समध्ये शहाण्णव होते. विनीताला वाटलं, हिला एक थोबाडीत द्यावी. तिनं चहा दिला.

सलोनीनं बॉटनी घेतली. वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची आणि एकच प्रश्न विचारायची, "मॅडम, हे पेपरात येईल?" नाही म्हटलं की पेनाचं टोपण लावायची. विनीता तिच्याकडे न बघता शिकवायला शिकली.

डिसेंबरात अंतर्गत प्रॅक्टिकल होतं. स्लाइड सूर्यफुलाच्या खोडाची असणार, ही बातमी फुटली होती, दरवर्षीच फुटायची. त्या दिवशी सकाळी विनीतानं मायक्रोस्कोपखाली मक्याची स्लाइड ठेवली. सूर्यफुलाच्या छेदात नळ्यांचे पुंजके गोल रिंगण धरून असतात, मक्यात ते इकडेतिकडे विखुरलेले असतात. बघणाऱ्याला चुकायचं कारणच नव्हतं.

सलोनीनं सुरेख रिंगण काढलं. शेडिंगसुद्धा केलं.

"मायक्रोस्कोपमध्ये बघितलंस?"

"हो मॅडम."

"आता माझ्यासमोर बघ."

सलोनी वाकली. डोळा लावून ती बराच वेळ तशीच राहिली. विनीताच्या मनात उगीच एक आशा डोकावली. पहिल्यांदाच झाड आतून बघून ही पोरगी थबकली असेल.

"अच्छा, हा तर मका आहे," सलोनी सरळ होत म्हणाली. "मॅडम, दुसरा कागद मिळेल का?"

आणि तिनं तिथेच, परत एकदाही डोळा न लावता, पुस्तकातला मका पाठांतरातून उतरवून दिला. एकही खूण चुकली नव्हती.

विनीतानं तिला शून्य दिलं. यादीत ते लिहिताना तिला फार दिवसांनी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख तुळशीराम सरांनी ती यादी तिच्यापुढे सरकवली. "मॅडम, हे काय? आकृती तर बरोबर आहे."

"तिनं बघितलंच नाही, सर."

"कोण बघतं?" सर शांतपणे म्हणाले. "शून्य दिलं तर पुढच्या वर्षी आपल्याकडे कोण येईल? आपल्या सीटा रिकाम्या राहत होत्या तेव्हा मीटिंगमध्ये कोण म्हणालं होतं, हात सैल सोडा म्हणून?"

ती स्वतःच म्हणाली होती. तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली होती आणि तिला आपण व्यवहारी असल्याचा अभिमान वाटला होता. तिनं सरांचं पेन घेतलं, शून्यावर काट मारून तीसपैकी सत्तावीस लिहिले आणि शेजारी सही केली. सही नेहमीसारखीच आली, वळणदार.

निकाल लागला त्या संध्याकाळी सलोनी कांचघर भागातल्या विनीताच्या घरी खव्याची जलेबी घेऊन आली. ग्रेड आली होती नऊ पॉइंट दोन.

"मावशी, तुम्ही माझ्यावर नाराज आहात ना?"

"तुला विषयाशी काही देणंघेणं नाही, सलोनी. तीन वर्षं तू झाडांजवळून जाशील आणि तुला एक झाड ओळखू येणार नाही."

"नाही येणार," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं नव्हतं. "पण मार्क कसे द्यायचे ते मी नाही ठरवलं, मावशी. तुम्ही लोकांनी ठरवलं. मी फक्त नीट वाचलं."

तिच्या बोलण्यात उद्धटपणा असता तर विनीतानं तिला हाकललं असतं. पण ती अगदी सरळ बोलत होती, आणि तिच्या नजरेत विनीताबद्दल जे होतं ते विनीतानं ओळखलं. दिवाकररावांकडे बघताना विनीताच्या स्वतःच्या डोळ्यांत हीच किळस कितीदा आली असेल.

सलोनी पाया पडून गेली. विनीता उभ्याउभ्याच जलेबी खात राहिली, कारण गोड तिला आवडायचं आणि जलेबी अजून गरम होती.